घरघंटी घ्यावी का? महालक्ष्म्यांपासून भाऊबिजेपर्यंतचा आमचा अनुभव

घरघंटीविषयी, म्हणजे घरात ठेवायच्या छोट्या पीठगिरणीविषयी, जे काही वाचायला मिळते, ते बहुतेक घेतल्यानंतर पहिल्या आठवड्यात लिहिलेले असते. तेव्हा यंत्र नवे असते, पीठ पाहून आनंद झालेला असतो आणि सफाईची वेळ अजून आलेली नसते. आम्ही २०२५ च्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, महालक्ष्म्यांचे विसर्जन झाल्यावर लगेच यंत्र घेतले आणि भुलाबाई, नवरात्र, दसरा, कोजागिरी व दिवाळी असा सगळा काळ त्यावर काढला. एखाद्या घरघंटीला वर्षभरात जेवढ्या प्रकारचे दळण दळावे लागते, त्यातले बरेचसे या सात आठवड्यांतच येऊन जाते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम दिलेले नाही. काही तक्रारी लिहायच्या आहेत, आणि यातल्या बऱ्याच गोष्टी या वर्गातल्या कोणत्याही यंत्राला लागू पडतात.

आधी आमची परिस्थिती सांगतो, कारण यंत्र उपयोगी आहे की नाही हे बरेचसे तिच्यावरच ठरते. आम्ही दोघे नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. लग्नाला दोन वर्षे झाली आहेत. मी विमानतळाजवळच्या मिहान उद्योगक्षेत्रात नोकरी करतो. सकाळी जयप्रकाश नगरच्या स्टेशनवर गाडी लावून खापरीची मेट्रो पकडतो आणि घरी परत यायला रात्रीचे आठ वाजतात. पत्नी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. या वर्षी शाळेतील आंतरवासितेचे, म्हणजे इंटर्नशिपचे, सोळा आठवडे असतात, त्यामुळे सकाळी शाळेत पाठ, दुपारी महाविद्यालय आणि रात्री दुसऱ्या दिवसाचे पाठ टाचण असा तिचा दिवस असतो. आमच्या भागातली चक्की सकाळी दहाला उघडते, दुपारी दोन ते पाच बंद असते, रात्री साडेआठला शटर खाली येते आणि मंगळवारी सुट्टी असते. ही वेळ आणि आमची वेळ यांची गाठ फक्त रविवारी पडत असे, आणि सणाआधीच्या रविवारी सगळ्या त्रिमूर्तीनगराची गाठ तिथेच पडते. महालक्ष्म्यांच्या आंबिलीसाठी दिलेली ज्वारी कुणाच्या तरी गव्हामागून दळली गेली आणि पिठात गहू मिसळला. सासूबाई हिंगणघाटहून मुद्दाम आल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण ते पीठ त्यांनी बाजूला ठेवले आणि मिक्सरवर थोडी ज्वारी काढून नैवेद्यापुरती आंबील केली. त्याच रात्री घरघंटीचा विषय निघाला.

यंत्र बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डी बाजारातल्या, एका दुकानातून घेतले. एक अश्वशक्तीची मोटर, घरातल्या साध्या सिंगल फेज विजेवर चालणारी, खाली चाके, सोबत शून्य ते सहा क्रमांकांच्या सात जाळ्या, आणि किंमत १८,५०० रुपये. बाहेरून ते लहानशा कपाटासारखे दिसते. वरच्या खोलगट भागात धान्य ओतायचे, मधल्या कप्प्यात दळण होते आणि खालच्या स्टीलच्या डब्यात पीठ पडते. डब्याच्या तोंडावर कापडी आवरण असते, ते हवा बाहेर सोडते आणि पीठ आत अडवते. मधले दार उघडले की मोटर आपोआप थांबते, ही सोय चांगली आहे. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे वर चढवण्याचे दोनशे रुपये वेगळे द्यावे लागले, तेही आधी विचारून घ्यावे.

घंटी हा शब्द गुजराती आहे आणि त्याचा अर्थ जाते असा होतो, परंतु या यंत्रात जाते कुठेच नसते. जात्यात किंवा चक्कीत धान्य दोन दगडांच्या मधून भरडले जाते, आणि त्या दगडांमधले अंतर कमीजास्त करून चक्कीवाला पीठ जाड किंवा बारीक काढतो. घरघंटीत वेगाने फिरणाऱ्या पात्यांचा मार बसून दाणा फुटतो आणि भोवतीच्या जाळीच्या छिद्रातून जाण्याइतका लहान झाला की खाली पडतो. म्हणजे पिठाचा पोत सर्वस्वी जाळीवर अवलंबून असतो. ही एक गोष्ट नीट समजली की यंत्राचे निम्मे गुणदोष आपोआप उलगडतात. दुकानदाराने ती सांगितली नव्हती. प्रात्यक्षिकाला येणारा माणूस ती सांगेल असे आम्ही धरून चाललो होतो, पण तो तीन वेळा तारीख बदलून नवव्या दिवशी आला, अर्धा किलो गहू दळून दाखवला आणि सही घेऊन गेला. सोबतच्या पुस्तिकेत हिंदी, गुजराती आणि इंग्रजी मजकूर आहे. महाराष्ट्रात एवढी यंत्रे विकणाऱ्या कंपनीला मराठीची चार पाने छापता येऊ नयेत, याचे नवल वाटते. शेवटी पत्नीने आपल्या पाठ टाचणाच्या वहीच्या मागच्या पानावर स्वतःच एक तक्ता सुरू केला, त्यात कोणते धान्य, कोणती जाळी, किती वेळ आणि काय झाले हे ती लिहीत गेली. आज आमच्याकडची खरी पुस्तिका तीच आहे.

रोजच्या गव्हाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एक नंबरच्या जाळीवर तासाला सात किलोच्या आसपास गहू दळला जातो. पोळ्या मऊ होतात. पीठ मात्र कोमट निघते आणि ते तसेच डब्यात भरून झाकण लावले तर आत वाफ धरून गुठळ्या होतात, म्हणून परातीत पसरून निवू द्यावे लागते. गहू आधी निवडून घेणे अत्यावश्यक आहे. चक्कीच्या दगडाला एखादा बारीक खडा पचतो, इथे तो जाळी फाडू शकतो.

यंत्राची पहिली खरी परीक्षा भुलाबाईने घेतली. भाद्रपद पौर्णिमेला, म्हणजे २०२५ मध्ये ७ सप्टेंबरला, आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलींनी भुलाबाई-भुलोजी मांडले. त्या रात्री चंद्रग्रहण असल्याने त्यांची गाणी लवकर आटोपली. ज्यांना विदर्भाबाहेर ही प्रथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो की कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली संध्याकाळी गाणी म्हणतात, मग झाकलेल्या डब्यातली खिरापत तो हलवून, आवाजावरून ओळखायची असते, आणि ओळखली गेली नाही तर करणाऱ्याची शान राहते. एका संध्याकाळी खिरापतीची पाळी आमच्याकडे आली. पत्नीने तीन नंबरच्या जाळीवर गहू जाडसर काढला आणि त्याची तुपात भाजून गुळपापडी केली. वड्या न पाडता ती डब्यात थापून बसवली, त्यामुळे डबा कितीही हलवला तरी आवाजच येईना. मुलींनी रव्याचा लाडू, सांजा, शिरा असे सगळे सांगून पाहिले आणि शेवटी हात टेकले. उरलेल्या जाड पिठाची दुसऱ्या दिवशी उकडपेंडी झाली आणि ती चक्कीवरच्या पिठाच्या उकडपेंडीपेक्षा स्पष्टपणे सरस होती, कारण दाणा एकसारखा होता. चक्कीवाल्याला पावकिलो गहू जाडसर काढून मागण्याची सोय नसते, तो दगड हलवतच नाही. थोडे आणि हवे तसे, ही या यंत्राची सर्वांत मोठी बाजू आहे.

नवरात्राने एक निराळाच प्रश्न उभा केला. त्या वर्षी घटस्थापना २२ सप्टेंबरला होती आणि तिथीची वृद्धी झाल्याने दसरा दहाव्याऐवजी अकराव्या दिवशी आला. पत्नीने उठता-बसता उपवास धरला होता आणि आमच्याकडे राहायला आलेल्या माझ्या आईने सगळे दिवस. भगर, राजगिरा आणि शिंगाडा घरीच दळू असे मी मोठ्या उत्साहाने जाहीर केले, तेव्हा आईने शांतपणे विचारले, "त्यात गहू दळता ना रे तुम्ही?" प्रश्न बिनतोड होता. दळणाच्या कप्प्यात, पात्यांच्या मागे आणि कापडी आवरणाच्या शिवणीत आधीच्या धान्याचे पीठ बरेच अडकून राहते. ब्रशने झटकले तरी वाटीभर निघतेच. शेवटी कापड धुऊन वाळवले, कप्पा कोरड्या फडक्याने पुसला, उपवासासाठी एक जाळी वेगळी काढून ठेवली आणि पहिली दोन मुठी भगर दळून ती टाकून दिली, तेव्हा आईचे समाधान झाले. या सगळ्याला पाऊण तास लागला आणि दळण झाले बारा मिनिटांत. भगरीचे पीठ उत्तम निघाले. राजगिऱ्याचा दाणा इतका बारीक असतो की जाड जाळीतून तो न फुटताच खाली येतो, त्याला शून्य नंबरचीच जाळी हवी. वाळलेला शिंगाडा मात्र खलबत्त्यात फोडून, हरभऱ्याएवढे तुकडे करून घातल्याशिवाय यंत्र घेत नाही. अख्खा शिंगाडा पडला तेव्हा आतून जो आवाज आला, तो ऐकून आई देव्हाऱ्यासमोरून उठून आली.

आवाजाचे इथेच सांगतो. दुकानात तो कमी वाटतो, कारण दुकानात रस्त्याचा गोंगाट असतो. घरात तो मिक्सरपेक्षा कमी पण कूलरपेक्षा जास्त आहे, आणि मिक्सर दोन मिनिटांत थांबतो, हा तासभर चालतो. आम्ही यंत्र गॅलरीत ठेवले. पहिल्याच आठवड्यात रात्री दहानंतर दळण लावले, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, कारखाना काढला का?" आवाजापेक्षा जमिनीतून जाणारी थरथर त्यांना जास्त जाणवत होती. चाकांखाली जाड रबराचे चार तुकडे घातल्यावर ती पुष्कळ कमी झाली, आणि आता आम्ही रात्री साडेनऊनंतर यंत्र चालवत नाही. घरातल्या घरातही हीच अडचण आहे. पत्नी टाचण काढत असताना गॅलरीचे दार बंद करूनही तिचे लक्ष उडते, म्हणून ती आंघोळीला गेली की मी दळण घालतो, असा आमचा अलिखित करार झाला आहे. खोलीत शिकणारे कुणी असेल तर ही गोष्ट विकत घेण्यापूर्वीच विचारात घ्यावी.

खंडेनवमीला घरातल्या सुरी-विळीसोबत घरघंटीलाही हळदकुंकू वाहिले. दसरा त्या वर्षी २ ऑक्टोबरला, नेमका गांधी जयंतीच्याच दिवशी आल्याने नोकरदारांची एक सुट्टी बुडाली, हे दुःख मी एकट्याचे मानत नाही. दसऱ्यानेच या यंत्राची मर्यादाही दाखवून दिली. माझ्या कार्यालयातल्या एका मित्राचे कुटुंब दरवर्षी दीक्षाभूमीवर येणाऱ्या लोकांसाठी पुरी-भाजीची व्यवस्था करते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, दसऱ्याच्याच दिवशी, इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि तेव्हापासून अशोक विजयादशमीला गावोगावचे लोक नागपुरात येतात. त्यांतले पुष्कळ जण आदल्या दिवसापासूनच मुक्कामाला असतात. मित्राला चाळीस किलो कणीक हवी होती आणि मी, नव्या यंत्राच्या भरात, दळून देतो म्हणालो. पुस्तिकेप्रमाणे तासाभराने मोटर थंड होऊ द्यायची असते. पहिल्या तासात सात किलो झाले, अर्धा तास विश्रांती, मग पुन्हा सहा-सात किलो. रात्र झाली तेव्हा चौदा किलो पीठ आणि गॅलरीभर पांढरी धूळ एवढीच आमची कमाई होती. उरलेले सव्वीस किलो दुसऱ्या दिवशी सकाळी चक्कीवर नेले. ज्या चक्कीवाल्याकडे आम्ही महिनाभर फिरकलो नव्हतो, त्याने ते पाऊण तासात दळून दिले आणि एवढेच विचारले, "काय भाऊ, मशीन बिघडली का?" हे यंत्र चार-पाच माणसांच्या घरासाठी आहे, कार्यासाठी नाही.

कोजागिरीत त्याला काहीच काम नव्हते. दुधाच्या मसाल्यासाठी बदाम-पिस्ते यात घालता येत नाहीत. शेंगदाणे, तीळ, खोबरे असे तेल सुटणारे काहीही घातले की जाळी बुजते. तो मसाला मिक्सरवरच झाला.

आता दिवाळीकडे येतो, कारण घरघंटी घेणाऱ्यांपैकी निम्मे लोक चकलीच्या भजणीसाठीच ती घेत असावेत असा माझा समज आहे. पत्नीच्या विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षेचे सावट होतेच, मला लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवसापर्यंत काम होते, आणि तरीही फराळ विकत आणायचा नाही असे आम्ही दोघांनी ठरवले होते. यात हट्टाचा भाग होता हे कबूल करतो. नागपुरात उत्तम तयार भजणी आणि त्याहून उत्तम तयार चकली मिळते. ज्यांना वेळ नाही त्यांनी ती निःसंकोच घ्यावी.

पहिला घोटाळा अनारशांचा झाला आणि त्यात यंत्राचा काडीचा दोष नाही. अनारशाचे तांदूळ तीन दिवस, रोज पाणी बदलून भिजवतात, मग फडक्यावर पसरून अंगचे पाणी टिपू देतात आणि ओलसर असतानाच दळतात. तो ओलावा राहिला नाही तर गूळ धरत नाही. पुस्तिकेत ओले धान्य घालू नये असे ठळक लिहिलेले आहे. परंतु तांदूळ हाताला जवळजवळ कोरडा लागत होता, शुक्रवारची रात्र होती आणि मिक्सरवर किलोभर तांदूळ चार-चार चमचे फिरवत बसण्याचा दोघांनाही कंटाळा आला होता. शून्य नंबरची जाळी लावून मी तांदूळ ओतला. दोन मिनिटे पीठ पडले, मग पडायचे थांबले, मग आवाज जड झाला आणि मोटर बंद पडली. दार उघडून पाहतो तर जाळीची सगळी छिद्रे पिठाच्या लगद्याने लिंपली गेली होती आणि पात्यांना तोच लगदा घट्ट चिकटला होता. पाणी लावता येत नाही, कारण ओले झाले की आणखी चिकटते. तो वाळेपर्यंत थांबायला हवे होते. मी न थांबता उलथन्याच्या टोकाने खरवडायला गेलो आणि जाळीची कड वाकवली. मध्यरात्री पत्नीने उरलेला तांदूळ निमूटपणे मिक्सरवर काढला. वहीतल्या तक्त्यात त्या रात्रीची नोंद एकाच शब्दाची आहे: "मिक्सर."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, भजणी होती. तांदूळ एक किलो, हरभऱ्याची डाळ अर्धा किलो, मुगाची आणि उडदाची डाळ पाव-पाव किलो, वर मूठभर पोहे, धने आणि जिरे, असे सासूबाईंचे प्रमाण आहे. धुऊन सावलीत वाळवलेले प्रत्येक धान्य वेगवेगळे, मंद आचेवर, रंग न बदलू देता भाजायचे आणि पूर्ण थंड करून मगच एकत्र दळायचे. भाजणे-निवणे यात दुपार गेली. दळण वीस मिनिटांत झाले, आणि घर अशा वासाने भरले की काकू पुन्हा वर आल्या, या वेळी मात्र तक्रारीसाठी नव्हे.

पहिला घाणा फसला. उकड नीट होती, मोहन नीट होते, पण सोऱ्यातून चकली पडतानाच तुटत होती आणि तिला काटा म्हणून येत नव्हता. पत्नीने चिमूटभर कोरडी भजणी अंगठा आणि तर्जनीत चोळून पाहिली, मग माझ्या तळहातावर ठेवली. बोटाला रव्यासारखी कचकच लागत होती. जाळी काढून पाहिली तेव्हा उलगडा झाला. सकाळी दलियासाठी जाळ्या बदलताना मी एक नंबरऐवजी दोन नंबरची लावून ठेवली होती. दोन क्रमांकांच्या छिद्रांमधला फरक डोळ्यांना जेमतेम दिसतो, चकलीला तो लगेच कळतो. एकदा दळलेले पीठ पुन्हा घरघंटीत घालून बारीक करू असा विचार कुणी करू नये. वरच्या भागातून पीठ धान्यासारखे ओघळत नाही, तिथेच साचून बसते आणि थोडे खाली गेले तर उडते. आम्ही सगळी भजणी मैद्याच्या चाळणीने चाळली, वर राहिलेला जाडसर भाग थोड्या तांदळात मिसळून एक नंबरवर पुन्हा काढला आणि सगळे एकत्र केले. दुसऱ्या घाण्याच्या चकलीला असा काटा आला की सासूबाईंना फोनवर दाखवावा लागला. त्या म्हणाल्या, "काटा दिसतो, पण मोडून दाखवा." मोडल्यावर आवाज आला तेव्हा कुठे पसंती मिळाली.

बेसनाच्या लाडवांबाबत मात्र कसलीही तक्रार नाही. बाजारचे बेसन भज्यांसाठी असते, अतिशय बारीक, आणि त्याचा लाडू टाळूला चिकटतो. इतवारी बाजारातून आणलेली हरभऱ्याची डाळ आम्ही तीन नंबरवर काढली. तुपात भाजताना ते बेसन गोळा होत नाही, दाणा सुटा राहतो, तूप कमी पिते आणि लाडू रवाळ होतो. या एका पदार्थासाठी मी यंत्राला पूर्ण गुण देईन. वासामागे वर आलेल्या काकूंनी चार लाडू नेले आणि धनत्रयोदशीला दोन किलो डाळ पाठवून दिली, सोबत निरोप होता की तीनच नंबर लावा आणि हवे तर दहानंतर लावा.

आता पैशांचे. आम्हा दोघांना महिन्याला सगळे मिळून पंधरा किलो दळण लागते. आमच्या चक्कीचा दर किलोला ८ रुपये आहे, म्हणजे महिन्याला १२० रुपये. घरघंटी तासाला साधारण एक युनिट वीज घेते, त्यामुळे तेवढ्याच दळणाचे वीस-पंचवीस रुपये होतात. बचत महिन्याला शंभर रुपयांच्या आत. या वेगाने १८,५०० रुपये वसूल व्हायला पंधरा वर्षांहून जास्त काळ लागेल, आणि त्यात जाळ्या, कापड आणि दुरुस्ती धरलेली नाही. दोन वर्षांत पैसे वसूल होतात असे दुकानात सांगितले जाते, तेव्हा एकत्र कुटुंबाचे दळण गृहीत धरलेले असते. दोघांच्या घराला यंत्र पैशांनी परवडत नाही, हे स्पष्ट समजून घ्यावे. वेळही फारसा वाचत नाही. दळणाचा वाचतो तो झटकण्या-पुसण्यात जातो. जे मिळते ते एवढेच की दळणाची वेळ आपली आपण ठरवतो, रात्री नऊ वाजता, पाठ टाचण संपल्यावर, पावकिलोसुद्धा. चक्की आणि आपली कामाची वेळ जुळत असेल तर हे यंत्र घेऊ नये. एकट्या विद्यार्थ्याने किंवा दर दोन वर्षांनी घर बदलणाऱ्यानेही घेऊ नये, कारण त्याचे वजन जिन्यात कळते.

आम्ही याला पाचपैकी साडेतीन गुण दिले आहेत. एक गुण सेवेसाठी कापला आणि अर्धा दळणाच्या कप्प्याच्या आतल्या कोपऱ्यासाठी, जिथे ब्रश पोचत नाही. वाकलेल्या जाळीसाठी वसुबारसेच्या दिवशी फोन केला तेव्हा दिवाळीनंतर बघू असे उत्तर मिळाले, भाऊबिजेनंतर केला तेव्हा माल मागवला आहे असे, आणि २५० रुपयांची ती जाळी हातात पडली तेव्हा तुळशीचे लग्नही लागून गेले होते. तोवर शून्य नंबरचे काहीच दळता आले नाही. नव्या जाळीवर पहिली दळली ती ज्वारी, आणि त्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरली नाही, हे पत्नीने त्याच रात्री वहीच्या मागच्या पानावर, "मिक्सर"च्या खालच्या ओळीत, लिहून ठेवले.